विज्ञान शिक्षणात पीएचडी करायची आहे, एमएस्सी फिजिक्स आणि बीएड झालंय, सुरुवात कुठून करू?

फळ्यापाशी

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यात एका अनुदानित हायस्कूलला नववी-दहावीला विज्ञान शिकवते, सात वर्षं झाली. एमएस्सी फिजिक्स, मग बीएड. वय ३३, मुलगी साडेचार वर्षांची.

पीएचडीचं डोक्यात कसं आलं ते सांगते. नववीचा पहिलाच धडा गतीचे नियम. शिकवून झाल्यावर मी सहज विचारलं, चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, आता तो वर चाललाय, तर त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? जवळजवळ अख्खा वर्ग म्हणाला, वरच्या दिशेने बल आहे. खरं तर हवेचा विरोध सोडला तर फक्त गुरुत्वबल, ते पण खालच्या दिशेने. मग सगळ्यात वर पोचल्यावर? तर म्हणे संपलं बल. हीच मुलं न्यूटनचे तिन्ही नियम शब्द न शब्द म्हणून दाखवतात आणि बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण यावरची गणितं पण सोडवतात. मी परत शिकवलं, आकृती काढली, चेंडू वर्गात फेकून दाखवला, माना डोलावल्या सगळ्यांनी. महिन्याने परत तोच प्रश्न विचारला आणि परत तेच उत्तर आलं. सेमीच्या तुकडीत पण तेच, फक्त बल ऐवजी फोर्स म्हणाले. एक मुलगा तर म्हणाला, "मॅडम आपण त्याला फोर्स दिलाय ना, मग तो त्याच्याकडे असणारच की." त्या रात्री मला झोप आली नाही खरंच, की सात वर्षं मी नक्की काय शिकवत होते.

म्हणून यावर नीट अभ्यास करायचाय. एका बीएड कॉलेजच्या सरांना भेटले, ते गाईड आहेत, चांगले बोलले, पण त्यांनी विषय सुचवला तो असा, "इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान विषयातील कृतियुक्त अध्यापन पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास". मला तो विषय माझा वाटेना, पण का वाटत नाही हे त्यांना सांगता पण आलं नाही.

घरी सासरे म्हणतात करायचीच तर फिजिक्समध्ये कर, शिक्षणातल्या पीएचडीला कोण विचारतं. स्टाफरूममध्ये म्हणतात आधी एमएड कर. नोकरी सोडून पूर्ण वेळ करावी की पार्ट टाइम? आणि मुळात माझा जो प्रश्न आहे तो पीएचडीचा प्रश्न होऊ शकतो का? कुणी या वाटेने गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा प्लीज.

हार्बर लाइन

तुमची पोस्ट दोनदा वाचली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, हो, होऊ शकतो, आणि जगभर विज्ञान शिक्षणातल्या संशोधनाचा एक मोठा भाग बरोबर याच प्रश्नातून उभा राहिलाय. वर जाणाऱ्या चेंडूवर वरच्या दिशेने बल आहे हे उत्तर फक्त तुमच्या वर्गातलं नाही, इंग्लंड अमेरिकेतली मुलं पण तेच देतात, कॉलेजातली सुद्धा. म्हणजे तुमचं शिकवणं कमी पडलं असं मनाला लावून घेऊ नका.

मी मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पीएचडी केली, तेव्हा तिथलंच सांगतो. हे केंद्र टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे, १९७४ मध्ये सुरू झालं, आणि तिथे पीएचडी थेट विज्ञान शिक्षण या विषयातच मिळते. एमएड लागत नाही, बीएड पण लागत नाही. माझ्या सोबत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, गणितवाले तर होतेच पण इंजिनिअरिंग आणि सोशल सायन्सवाले पण होते. प्रवेश टीआयएफआरच्या ग्रॅज्युएट स्कूलमधून होतो, लेखी परीक्षा आणि मग इंटरव्ह्यू. पाठांतराची परीक्षा नाही ती. एखादा उतारा वाचून त्यातला युक्तिवाद पकडता येतो का, डेटा बघून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, स्वतःचं म्हणणं नीट लिहिता येतं का, असं. जाहिरात दरवर्षी नीट वाचा, तारखा आणि पद्धत बदलत असते. पूर्ण वेळ असतं आणि फेलोशिप मिळते, केंद्र सरकारच्या जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) दराने, म्हणजे जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. अनुदानित शाळेत सात वर्षं झालेल्या माणसाला हे कमीच वाटणार, त्याचा हिशोब घरात बसून आधी करा.

आता त्या सरांनी दिलेल्या विषयाबद्दल. तुम्हाला तो आपला का वाटला नाही ते मला वाटतं मी सांगू शकतो. परिणामकारकतेच्या अभ्यासात काय करतात, दोन तुकड्या घेतात, एकीला नेहमीसारखं शिकवतात आणि दुसरीला नव्या पद्धतीने, आधी चाचणी नंतर चाचणी, मार्कांचा फरक काढायचा, तो फरक योगायोगाचा नाही ना हे बघायला टी टेस्ट नावाची सांख्यिकी चाचणी लावायची, नवी पद्धत परिणामकारक आहे असा निष्कर्ष लिहायचा. या सगळ्यात मूल कुठे बोलतच नाही हो. तुमच्या त्या मुलाचं वाक्य, "फोर्स दिलाय तर तो त्याच्याकडे असणारच", हे त्या चाचणीत फक्त चूक म्हणून मोजलं जाईल, शून्य मार्क, आणि विषय संपला. तुमचा प्रश्न बरोबर उलटा आहे, मूल हे का म्हणतंय, त्याच्या डोक्यात बल ही काय वस्तू आहे, आणि मार्क मिळत असताना पण ती समजूत तशीच कशी राहते.

आणि त्या वाक्यातलं क्रियापद बघा, "दिलाय". मराठीत जोर अंगात असतो, ताकद कमावता येते, जोर दिला जातो, लावला जातो, संपतो. शक्ती हा शब्द आपण रोज कशालाही वापरतो आणि पुस्तकात तो पॉवरसाठी राखून ठेवलेला. बल हा शब्द तर मुलाने शाळेच्या पुस्तकाबाहेर बहुतेक बलवान आणि मनोबल यातच ऐकलेला असतो. मग बल ही वस्तूच्या आत साठवलेली गोष्ट वाटली तर त्यात मुलाचा काय दोष. फक्त एक सांभाळा, इंग्रजी बोलणारी मुलं पण हेच उत्तर देतात म्हणजे सगळा दोष भाषेवर टाकता येणार नाही. भाषेचा वाटा किती आणि हाताला रोज येणाऱ्या अनुभवाचा किती, हे वेगळं कसं काढणार? इथे खरं काम आहे, आणि तुमच्याकडे मराठी आणि सेमी अशा दोन तुकड्या एकाच शाळेत एकाच शिक्षिकेकडे आहेत. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला हे मिळवायला वर्ष जातं.

वाचायला सुरुवात करायची तर रोझालिंड ड्रायव्हर यांचं काम शोधा, लीड्सला होत्या, मुलांच्या विज्ञानाबद्दलच्या स्वतःच्या कल्पनांवर. मग पॉस्नर आणि सहकाऱ्यांचा १९८२ चा संकल्पना बदलावरचा पेपर, आणि त्याच्यावर नंतर झालेली टीका पण वाचा, ती जास्त महत्त्वाची आहे असं माझं मत. होमी भाभा केंद्रातच महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी मुलांना खगोलशास्त्र कसं समजतं यावर पीएचडी झालेली आहे, ती बघा, पद्धत कशी असते ते कळेल.

गोदाकाठ

ताई मी पार्ट टाइमवाली, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, मराठवाड्यातल्या एका विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात केली, सहा वर्षं लागली. विद्यापीठाचं आणि गाईडचं नाव घेत नाही.

पार्ट टाइमला यूजीसीची परवानगी आहे, २०२२ च्या नियमात स्पष्ट आहे, नोकरी करणाऱ्यांनी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र द्यायचं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि बाईमाणसाला आणखी दोन वर्षं सवलत मिळू शकते. पीजीला ५५ टक्के पाहिजेत, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, ते मात्र सुट्टी काढून करावं लागलं मला, दिवाळी आणि उन्हाळा दोन्ही त्यात गेले. विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा असते, यूजीसीची नेट परीक्षा पास असाल तर त्यातून सूट, आणि २०२४ पासून नेटचे मार्क थेट पीएचडी प्रवेशासाठी पण धरतात, पण विद्यापीठागणिक वेगळं आहे. आणि एक बघून ठेवा, शिक्षणशास्त्र विभागात नोंदणी करायची तर पीजी कुठल्या विषयातलं चालतं ते. आमच्याकडे एमएड किंवा एमए एज्युकेशनच मागितलं होतं. तुमच्या स्टाफरूमवाले म्हणतात ते तिथून येतंय, तेवढ्यापुरतं खरं आहे.

आता मनातलं लिहिते. मला सुद्धा असाच तयार विषय मिळाला होता परिणामकारकतेचा. माझ्या मनात होतं की चौथीची लमाण तांड्यावरची मुलं परिसर अभ्यासाच्या तासाला गप्प का बसतात आणि शाळा सुटल्यावर त्याच झाडांबद्दल पक्ष्यांबद्दल घडाघडा कशी बोलतात, त्यांच्या बोलीत. गाईड म्हणाले याची मोजणी कशी करणार, आरआरसीत, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीत, पास होणार नाही. मी ऐकलं. प्रबंध झाला, व्हायवा झाला, पदवी मिळाली, घरच्यांनी पेढे वाटले. पण तांड्यावरच्या मुलांचा प्रश्न मी तिथेच सोडून आले याचं मला आज पण वाईट वाटतं, तुमची पोस्ट वाचून फार वाटलं. म्हणून सांगते, गाईड आधी शोधू नका, आधी तुमचा प्रश्न दोन पानांत लिहून काढा आणि ती दोन पानं घेऊन चार-पाच जणांना भेटा. जो माणूस ती वाचून तुम्हाला उलटे प्रश्न विचारेल त्याच्याकडे जा. जो वाचायच्या आधीच शीर्षक सांगेल त्याच्याकडे नको.

पैशाचं म्हणाल तर नोकरीत असताना फेलोशिप बहुतेक मिळत नाही, पूर्ण वेळ करणाऱ्यांना बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या आहेत, प्रवर्गाप्रमाणे, तुम्ही कशात बसता ते बघा.

बर्फवाडी

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या अमेरिकेत फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये पीएचडी करतोय आणि माझा विषय आहे विद्यार्थी फिजिक्स कसं शिकतात. तुमच्या सासऱ्यांना हे नक्की सांगा, फिजिक्स की शिक्षण असं एकच निवडावं लागतं असं नाही. इथे फिजिक्स एज्युकेशन रिसर्च हा फिजिक्सचाच एक भाग मानतात, क्वांटम आणि सॉलिड स्टेटच्या मुलांबरोबर मी तेच कोर्स केले, तीच क्वालिफायर, म्हणजे पीएचडीची पात्रता परीक्षा दिली. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट यांनी सत्तरच्या दशकात हा गट उभा केला, त्यांच्याकडे मुलांनी फिजिक्स डिपार्टमेंटमधून याच विषयात पीएचडी घेतल्या.

तुमच्या चेंडूबद्दल. १९९२ मध्ये हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची चाचणी छापली, आत्ताच्या आवृत्तीत ३० प्रश्न आहेत, एकही गणित नाही, सगळे साध्या भाषेतले पर्यायी प्रश्न, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या उत्तरांतून घेतलेले. वर फेकलेल्या चेंडूचा प्रश्न त्यात आहे. हार्वर्डला फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी हेस्टेनिस यांची अशीच चाचणी आपल्या वर्गाला दिली तर एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू की मला जसं वाटतं तसं लिहू. मला वाटतं तुमच्या नववीतल्या मुलांनी सुद्धा मनातल्या मनात हेच ठरवलेलं असतं, परीक्षेत एक आणि चेंडूबद्दल खरं विचारलं तर दुसरं.

पण ही चाचणी मराठीत उतरवून वाटली आणि टक्के काढले की झाली पीएचडी, असं मात्र करू नका. बल हा शब्द टाकला की प्रश्न बदलतो, जोर टाकला की आणखी बदलतो. वर हार्बर लाइन यांनी लिहिलंय ते अगदी मनापासून पटलं. मी स्वतः इथे इंग्रजीत मुलांच्या मुलाखती घेतो आणि कितीदा वाटतं की हे मराठीत करायला पाहिजे, कारण लहानपणी आजीच्या गावी बैलगाडी ढकलताना बलाबद्दल जे काय कळलं ते मराठीतच कळलंय मला.

इथे यायचं तर पैशाची सोय चांगली असते, शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या असिस्टंटशिपमधून फी माफ होते आणि महिन्याचं मानधन मिळतं. पण पाच-सहा वर्षं लागतात आणि साडेचार वर्षांची मुलगी आहे तर तो निर्णय फक्त तुमचा नाही राहत. आणि तुमचा डेटा सातारा जिल्ह्यात आहे हे विसरू नका.

सरळ सांगतो

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी एका बीएड कॉलेजात आहे. पीएचडीनंतर आमच्यासारख्या कॉलेजात यायचा विचार असेल तर एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या निकषांत विज्ञानाच्या अध्यापन पद्धतीसाठी विषयातलं पीजी ५५ टक्के आणि शिवाय एमएड ५५ टक्के असं लिहिलंय. म्हणजे मानखुर्दची पीएचडी हातात असली तरी एमएडविना ही दारं बहुतेक बंद राहतात. मला हे बरोबर वाटत नाही, ज्याने पाच वर्षं मुलांच्या विचारांवर काम केलं तो भावी शिक्षकांना शिकवायला नको का? पण नियम आहे तो आहे. बाकी संस्था आहेत, टीस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), अझीम प्रेमजी विद्यापीठ, आयसर पुण्याचं विज्ञान-गणित शिक्षणाचं केंद्र, स्वयंसेवी संस्था, अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकांचं काम. आयआयटी मुंबईत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत पण पीएचडी होते, पण तुमचा प्रश्न तंत्रज्ञानाचा दिसत नाही.

अनुदानित नोकरीचा राजीनामा देऊ नका एवढंच कळकळीने सांगेन. आधी संस्थेत आणि शिक्षणाधिकारी कार्यालयात अध्ययन रजेची चौकशी करा, लेखी अर्ज करून, तोंडी नको.

खानदेशी मास्तर

मी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. पोरी, तुझी पोस्ट मुलाने वाचून दाखवली, उत्तर पण तोच टाईप करतोय.

सत्तरच्या दशकात होमी भाभा केंद्राची माणसं आमच्या जळगाव जिल्ह्यात खिरोदा भागात यायची. वि. गो. कुलकर्णी सर, फिजिक्सचा माणूस, केंद्राचे पहिले प्रमुख. खेड्यातल्या मराठी शाळेतल्या मास्तरांबरोबर बसायचे. माझे हेडसर त्या प्रशिक्षणात होते, त्यांच्या तोंडून मी ऐकलंय. पुढे त्याच केंद्राने दाखवून दिलं की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांची समज वाढते, आणि मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातीच्या मुलांबरोबर काम करून दाखवलं की कमी असते ती संधी, बुद्धी नाही. तिकडे मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबादला सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायचं काम सुरू झालं, पुढे एकलव्य संस्थेने शेकडो शाळांत नेलं, तीस वर्षं चाललं आणि २००२ मध्ये सरकारने बंद केलं. हे सगळं वाच. तुझ्या आधी कोण कोण या वाटेने गेलं ते कळलं म्हणजे एकटं वाटणार नाही. पुण्याच्या शैक्षणिक संदर्भ या नियतकालिकाचे अंक पण बघ.

आणि एक मास्तर म्हणून सांगतो. मूल चुकीचं बोललं की आपला हात लगेच खडूकडे जातो, मी पस्तीस वर्षं तेच केलं. तू आता थोडे दिवस खडू खाली ठेव आणि विचार, "बरं, मग पुढे काय होतं?" एवढंच विचार.

फळ्यापाशी

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गोदाकाठ ताई, तांड्यावरच्या मुलांचं वाचून डोळे भरून आले, तो प्रश्न अजून पण तुमचाच आहे हो, पदवी मिळाली म्हणून संपला थोडाच.

मास्तर, तुम्ही सांगितलं ते काल केलं. मधल्या सुट्टीत सहा जणांना ग्राउंडवर घेऊन गेले, चेंडू त्यांच्याच हातात दिला आणि ठरवलं की आज एकही वाक्य दुरुस्त करायचं नाही. फार अवघड गेलं, दोनदा तोंडाशी आलेलं गिळलं. मी नुसतं पुढे काय, पुढे काय विचारत गेले. आणि एक मुलगी, वर्गात कधी हात वर न करणारी, ती म्हणाली, "मॅडम वर जाताना त्याच्यात आपला जोर असतो, खाली येताना त्याचा स्वतःचा असतो." दुसरा लगेच म्हणाला, मग अगदी वर असताना कुणाचा? आणि सहाही जणं भांडायला लागली, घंटा झाली तरी थांबेनात. मी घरी येऊन आठवेल तसं सगळं वहीत लिहून काढलं, चार पानं झाली.

हार्बर लाइन, एक विचारायचं होतं, हे असं मुलांचं बोलणं रेकॉर्ड करायचं झालं तर कुणाची परवानगी लागते? नुसती हेडसरांची चालेल का?

हार्बर लाइन

नुसती हेडसरांची नाही चालणार. शाळेची लेखी परवानगी, पालकांची लेखी संमती मराठीत आणि त्यांना समजेल अशा भाषेत, आणि मुलांना पण विचारायचं की तुला चालेल का, नको म्हणालं तर नको. पीएचडीला नोंदणी झाल्यावर संस्थेची नैतिकता समिती असते जिथे, तिथे हे सगळं दाखवावं लागतं. तोपर्यंत रेकॉर्डिंग करू नका, वहीतच लिहा, मुलांची खरी नावं न टाकता, तारीख टाकून, आणि वाक्य त्यांनी म्हटलं तसंच्या तसं, आपली भाषा घालू नका त्यात. "त्याचा स्वतःचा असतो" हे वाक्य मी माझ्या वहीत पण लिहून घेतलंय.

ती दोन पानं लिहायला घ्या या सुट्टीत. या चार पानांतूनच निघतील ती. लिहून झाली की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी वाचून उलटे प्रश्न विचारतो.